आधी तारीख सांगा, मग सेन्सेक्स

वाचकांची पत्रं, एप्रिल २०२५

पत्र पहिलं

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मुलुंड पूर्वेला राहतो. लोअर परळच्या एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. येत्या ३० नोव्हेंबरला साठ पूर्ण होऊन निवृत्त होईन. कंपनीमार्फत एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, आहे. निम्मे पैसे 'ई' मध्ये म्हणजे शेअर्समध्ये, उरलेले 'सी' आणि 'जी' मध्ये, म्हणजे कंपन्यांच्या आणि सरकारी रोख्यांत. सप्टेंबरअखेर खात्यावर ४० लाख २० हजार होते. ४ मार्चला पाहिलं तर ३८ लाख ५ हजार! महिन्याला दहा हजार भरतोय, तरी रक्कम खालीच. रात्री दोन-दोनदा उठून ॲप बघतो. गाडीतल्या ग्रुपचं म्हणणं, सगळं 'जी' मध्ये टाक आणि मोकळा हो. पीएफ २८ लाख आहे, ग्रॅच्युइटी नऊ लाखांच्या आसपास येईल. पण पीएफचे पैसेही हल्ली शेअर बाजारात जातात म्हणे, मग तोही घटणार का? सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे. ६० चौरस फूट जादा जागा घेतलीय, तिचे १४ लाख डिसेंबरमध्ये ताबा घेताना द्यायचे आहेत. ते एनपीएसमधून द्यायचं ठरवलं होतं. घरखर्च ४० हजार. मुलगा १५ हजार देतो, आणि ५८ पूर्ण झाल्यापासून ईपीएसचे, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शनचे, चार हजार येतात. स्टेटमेंटची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

एक वाचक, मुलुंड

उत्तर

मुलुंडकर, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकडे बघत, दुसऱ्यांदा तारखा बघत. तुम्हाला झोप लागत नाही ती आकड्यांनी. माझा जीव खालीवर झाला तो तारखेनं, आणि ती तारीख तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलीत. तिच्याकडे येतेच. आधी तुमची बेरीज दुरुस्त करते. अकाउंट्सच्या माणसाची बेरीज दुरुस्त करायची संधी बँकेतून रिटायर झालेल्या बाईला रोज मिळत नाही.

झेरॉक्सवर 'ई' चे २० लाख १० हजार होते, ते १७ लाख ३० हजार झालेत. 'सी' आणि 'जी' मिळून २० लाख १० हजार होते, ते २० लाख ७५ हजार झालेत. एकूण घट २ लाख १५ हजार. पण मधल्या पाच महिन्यांत तुम्ही पन्नास हजार भरलेत, निम्मे इकडे, निम्मे तिकडे. ते बाजूला काढले की खरा फटका २ लाख ६५ हजारांचा. म्हणजे तुम्हाला वाटला त्याहून जास्त. हे मी मुद्दाम आधी सांगतेय, नाहीतर पुढचं सगळं ऐकून 'ताई धीर देतायत' असं म्हणाल.

आता दुसरी बाजू. सेन्सेक्सनं गेल्या २७ सप्टेंबरला ८५,९७८ चा उच्चांक गाठला होता आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो ७३ हजारांच्या आसपास आला. साधारण पंधरा टक्क्यांची पडझड. तुमचा 'ई' चा भागही पंधराच टक्के पडला, त्यात फंड मॅनेजरची काही गफलत नाही. पण अख्खं खातं पडलं साडेसहा टक्के, कारण उरलेली निम्मी रक्कम पडायच्या ऐवजी चाळीस हजारांनी वाढली. ही वाटणी तुम्ही किंवा कंपनीतल्या कुणी काही वर्षांपूर्वी फॉर्मवर टिक करून केली असेल, आणि नंतर कुणाच्या लक्षातही राहिली नसेल. ती टिक या पाच महिन्यांत कामाला आली.

आणि युनिट्स, म्हणजे फंडातले तुमचे वाटे? त्यांची संख्या सप्टेंबरपेक्षा आज जास्त आहे. खाली आलीय ती एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा आजचा भाव. ॲपवर दिसतो तो आज सगळं विकलं तर येणारा आकडा. आज विकायचंय का, हा खरा प्रश्न. आणि इथे मी माझंच एक प्रकरण सांगते.

२००८ साली मी फोर्टमधल्या शाखेत होते. म्युच्युअल फंडात थोडे थोडे करून दोन लाख घातले होते, त्याचे जानेवारी २००८ मध्ये चार लाख साठ हजार झाले होते. सेन्सेक्स तेव्हा २१ हजारांना शिवून आला होता. मग जे सुरू झालं ते ऑक्टोबरपर्यंत थांबेना. २४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, एका दिवसात हजारावर अंक गेले आणि बाजार ८,७०१ वर बंद झाला. लंच टाइमला आम्ही दोघी-तिघी दलाल स्ट्रीटच्या कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. बाहेरच्या पडद्याखाली माणसं नुसती माना वर करून उभी. एक चहावाला किटली तशीच हातात धरून बघत होता, कुणी चहा मागत नव्हतं आणि तोही विचारत नव्हता. त्या चहावाल्यानं मला घाबरवलं, आकड्यानं नाही. शनिवार-रविवार घरात फराळाचा वास, चकलीच्या सोऱ्यावर हात आणि डोक्यात एकच, जे उरलंय ते तरी वाचवू. सोमवारी, २७ तारखेला, युनिट्स विकायचा, म्हणजे रिडेम्प्शनचा, फॉर्म भरला. दोरीला बांधलेल्या पेनानं. खिडकीतल्या मुलानं 'सगळे युनिट्स?' असं विचारलं, मी 'सगळे' म्हटलं. एक लाख नव्वद हजार आले.

ते पैसे मी एफडीत ठेवले. तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं, त्यामुळे आपण किती शहाणे असंच वाटत होतं. दोन वर्षांनी, ५ नोव्हेंबर २०१० ला, दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांत सेन्सेक्स परत २१ हजारांवर बंद झाला. माझी एफडी तेव्हा दोन लाख तीस हजारांच्या घरात होती. युनिट्स तसेच ठेवले असते तर साडेचार लाखांच्या पुढेमागे असते.

मला त्या पैशांची तेव्हा काहीही गरज नव्हती. पगार चालू होता, कर्ज नव्हतं, लेक सातवीत होती. मी विकले ते भीतीपोटी. माझ्या धाकट्या दिरांची गोष्ट मात्र वेगळी. ते मार्च २००९ मध्ये रिटायर झाले, आणि त्याच महिन्यात बिल्डरचा शेवटचा हप्ता देय होता. तो देण्यासाठी ठेवलेली रक्कम होती म्युच्युअल फंडात. ९ मार्चला सेन्सेक्स ८,१६० वर बंद झाला, आणि त्याच पंधरवड्यात भाऊजींना सगळं मोडावं लागलं. त्यांना घाबरायलाही सवड नव्हती, हप्ता भरायचाच होता. मी चूक केली ती फॉर्म भरताना. त्यांची चूक त्याच्या दोन वर्षं आधी होऊन गेली होती, ज्या दिवशी त्यांनी तारीख ठरलेले पैसे तारीख न पाळणाऱ्या जागी ठेवले त्या दिवशी.

आता तुमचे १४ लाख बघा. डिसेंबर २०२५, ताबा. भाऊजींचीच गोष्ट, फक्त फ्लॅटच्या जागी ६० चौरस फूट.

त्यामुळे पहिलं काम हे करा, बाकीचं वाचायच्या आधी. ते चौदा लाख एनपीएसमधून द्यायचं डोक्यातून काढा आणि पीएफमधून द्या. तुमचं वय ५४ च्या पुढे आहे आणि निवृत्तीला वर्षापेक्षा कमी वेळ उरलाय, म्हणजे एप्रिल २०२५ च्या नियमांनुसार पीएफच्या शिलकीपैकी ९० टक्क्यांपर्यंत रक्कम निवृत्तीच्या आधीही काढता येते. डिसेंबरची वाट बघत बसू नका. बिल्डरचं पत्र आलं की ऑक्टोबरमध्येच अर्ज टाका. आणि अर्ज टाकायच्या आधी, या आठवड्यात, यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफच्या ऑनलाइन खात्यावर, जाऊन तुमचं नाव आधार आणि पॅनशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते पाहा. आपल्याकडे मधे येणाऱ्या वडिलांच्या नावापायी किती दावे परत आलेत याची गणती नाही. कुठे पूर्ण नाव, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे 'राव' लावलेलं. शेअर बाजारानं तुमचे पंधरा टक्के नेले, पण ते कदाचित परत येतील. 'राव' दुरुस्त व्हायला जे दिवस जातात ते कुणी परत देत नाही.

पीएफ घटणार का? नाही. पीएफ सांभाळणारं ईपीएफओ २०१५ च्या ऑगस्टपासून नव्या जमेतला काही भाग ईटीएफमधून, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडांतून, शेअर्समध्ये घालतं, पाच टक्क्यांपासून सुरुवात झाली आणि २०१७ पासून तो पंधरा टक्के आहे. तेवढं तुमच्या गाडीतल्या ग्रुपचं बरोबर. पण तुमच्या पासबुकात रोजचा बाजारभाव उतरत नाही. तिथे जाहीर केलेलं व्याज जमा होतं. २०२३-२४ चं ८.२५ टक्के होतं, आणि २०२४-२५ साठीही विश्वस्त मंडळानं २८ फेब्रुवारीला, म्हणजे ऐन पडझडीत, ८.२५ चीच शिफारस केली. बाजार फार काळ वाईट राहिला तर पुढच्या वर्षांच्या व्याजदरावर परिणाम होऊ शकतो. दर २०२१-२२ मध्ये ८.१ पर्यंत आला होताच. पण साठलेली शिल्लक कमी होत नाही.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ३७ लाख. त्यातले १४ बिल्डरला गेले, उरले २३. ते साठ पूर्ण झाल्यावर पोस्टाच्या किंवा बँकेच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. मर्यादा ३० लाखांची आहे, तुम्ही आत बसता. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी वर्षाचे १ लाख ८८ हजार ६००, म्हणजे दर तिमाहीला ४७ हजार १५०. महिन्याला १५ हजार ७०० पडतात. व्याज तिमाहीनं येतं, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांचा खर्च बचत खात्यावर आधीच ठेवा. पाच वर्षांसाठी दर बांधलेला राहतो. टीडीएस कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म (२०२५ मध्ये पंधरा-एच) भरायला विसरू नका, ज्येष्ठांसाठी टीडीएसची मर्यादा या एप्रिलपासून एक लाख झालीय आणि तुमचं व्याज तिच्या वर जातं.

आता एनपीएस. एप्रिल २०२५ च्या नियमांनुसार साठाव्या वर्षी साठ टक्के एकरकमी काढता येतात, त्यावर कर नाही. आणि चाळीस टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून जन्मभराचं पेन्शन, घ्यावीच लागते. आजच्या शिलकीवर ते अनुक्रमे २२ लाख ८० हजार आणि १५ लाख २० हजार होतात. ॲन्युइटीचा दर साडेसहा टक्के धरला, तर महिन्याला आठ हजार दोनशेच्या घरात येतील. हे पेन्शन करपात्र आहे. सेन्सेक्सचा या दराशी संबंध नाही, संबंध आहे व्याजदरांशी. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारीत रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, ६.५० वरून ६.२५ केला. व्याजदर असेच उतरत गेले, तर ॲन्युइटीचे दरही खाली येतील. तेव्हा चार विमा कंपन्यांचे कोट मागवा, बायकोच्या हयातीपर्यंत चालणारं आणि मूळ रक्कम वारसांना परत देणारं. कोटांत फरक पडतो, आणि जो फरक पडतो तो जन्मभर पडतो.

बेरीज करा. १५,७०० आणि ४,००० आणि ८,२०० मिळून २७,९००. मुलाचे १५,००० धरले तर ४२,९००. तुमचा खर्च ४०,०००. मुलाचे पंधरा हजार मी पेन्सिलनं लिहिलेत. त्याचं लग्न व्हायचंय की झालंय, तुम्ही कळवलं नाहीत.

या सगळ्यात एनपीएसच्या त्या २२ लाख ८० हजारांना हात लागलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते साठाव्या वर्षी काढलेच पाहिजेत अशी सक्ती नाही. एप्रिल २०२५ च्या नियमांनुसार पंचाहत्तरीपर्यंत आत ठेवता येतात. २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्यातून दरमहा किंवा दर तिमाहीला ठरावीक रक्कम घ्यायचीही सोय झालीय. मुलानं हात आखडता घेतला तर बारा हजारांची जी तूट पडेल, ती इथून भरता येईल. नोव्हेंबरमध्ये बाजार वर असला काय, खाली असला काय, तुमच्या घरच्या डाळ-तांदळाशी त्याचा संबंध राहत नाही.

मग गाडीतल्या मित्रांचं काय? सगळं 'जी' मध्ये टाकलं, तर 'ई' मधला आज कागदावर असलेला तीन लाखांचा खड्डा कायमचा पक्का होतो. आणि 'जी' म्हणजे एफडी, असं त्यांच्या डोक्यात असेल तर तेही चूक. त्यात सरकारी रोखे असतात. व्याजदर चढले की जुन्या रोख्यांचा भाव उतरतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५० वर गेला, तेव्हा रोखे घेऊन बसलेल्यांना विचारा. आत्ता दर उतरतायत म्हणून हे 'जी' शहाण्या बाळासारखं वागतंय.

पण 'ई' आहे तसाच ठेवा, असंही मी म्हणणार नाही. साठीच्या उंबरठ्यावर निम्मे पैसे शेअर्समध्ये म्हणजे माझ्या मते थोडे जास्तच. एनपीएसची जी आपोआप चालणारी मधली योजना आहे, तिच्यात पस्तिशीपर्यंत 'ई' पन्नास टक्के असतो, मग दरवर्षी दोन-दोन टक्क्यांनी उतरत पंचावन्नाव्या वर्षी दहावर येतो. तुम्ही स्वतः वाटणी निवडलीत म्हणून तुमचा उतरला नाही. पडझडीमुळे तो आता आपोआप ४५ टक्क्यांवर आलाच आहे. तिथून पुढे, बाजार सावरेल तसा, नोव्हेंबरपर्यंत दोन टप्प्यांत ३५ पर्यंत आणा. वाटणी वर्षातून चारदा बदलता येते आणि त्यावर कर लागत नाही. म्युच्युअल फंडात हेच करायला गेलात, तर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के मोजावे लागतात. ही एनपीएसची सोय फारसं कुणी वापरत नाही.

आणि नाहीच सावरला तर? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण उत्तर द्यायलाच हवं. बाजार परत वर येतोच, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. २०२० मध्ये २३ मार्चला एका दिवसात तेरा टक्के गेले आणि नोव्हेंबरात नवा उच्चांक आला. ते उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं, कारण ते गोड आहे. १९९२ च्या एप्रिलमध्ये हर्षद मेहताच्या तेजीत सेन्सेक्स ४,४६७ ला होता. २००३ च्या एप्रिलमध्ये तो ३,००० च्या आसपास घुटमळत होता. अकरा वर्षं. जपानच्या शेअर बाजाराच्या निक्केई निर्देशांकानं १९८९ च्या डिसेंबरअखेर गाठलेली पातळी ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. टोकियोत तेव्हा साठीला आलेला गृहस्थ तोवर नव्वदी पार करून गेला. म्हणून ३५ टक्के, शंभर नाही. म्हणून दहा-बारा वर्षं हात लावावा लागणार नाही तेवढेच पैसे 'ई' मध्ये. आणि शून्यही नाही, कारण तुम्हाला पंचाऐंशीपर्यंत जगायचंय आणि ॲन्युइटीचे आठ हजार दोनशे तेव्हाही आठ हजार दोनशेच असणार आहेत. आजच्या आठ हजारांत तेव्हा सिलिंडर किती येतील, तुम्ही अकाउंट्सवाले आहात, तुम्हीच काढा.

एक कबुली. मला स्वतःला बँकेचं जुनं पेन्शन आहे. २०१० च्या एप्रिलनंतर सरकारी बँकेत लागलेल्या मुलांना एनपीएस आहे, आम्हाला नव्हतं. 'ताई, तुम्हाला काय, तुमचं बरंय' अशी पत्रं येतात, आणि ती खरी आहेत. केंद्र सरकारच्या नोकरांनाही या १ एप्रिलपासून युनिफाइड पेन्शनचा पर्याय खुला झालाय, खात्रीच्या रकमेचा. खासगीतल्या माणसाला बाजाराची जोखीम स्वतःच्या छातीवर घ्यावी लागते आणि रात्री दोनला ॲप उघडावं लागतं. यात अन्याय आहे असं मला वाटतं. पण तो या सदरात सुटणार नाही.

आणि मी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे, नोंदलेली सल्लागार नाही, बत्तीस वर्षं काउंटरच्या आत बसलेली बाई आहे. नोंदणीकृत सल्लागाराकडे एकदा फी देऊन जा, कमिशनवाल्याकडे नको. त्याला पहिल्या पाच मिनिटांत डिसेंबरची तारीख सांगा.

पत्र दुसरं

मावशी, मी २७ वर्षांची, घाटकोपरला राहते. गेल्या सप्टेंबरमध्ये एनपीएस आणि म्युच्युअल फंडात दरमहा पाच हजारांची एसआयपी एकदमच सुरू केली. तेव्हापासून सगळं लालच आहे. आई म्हणते, तुझा पायगुण! बंद करू का?

उत्तर

नको. आणि आईला सांग, पायगुण असेल तर चांगलाच आहे.

एनएव्ही ५० असताना पाच हजारांत शंभर युनिट्स येतात. तीच साडेबेचाळीस झाली की त्याच पाच हजारांत ११७ येतात. तुझ्या साठीला ३३ वर्षं आहेत. पुढची दहा-वीस वर्षं तू विकत घेणारी आहेस, विकणारी नाहीस. दादरच्या बाजारात मेथीची जुडी वीसवरून पंधराला आली म्हणून कुणी पिशवी घेऊन घरी परतल्याचं मी पाहिलं नाही. वरच्या पत्रातल्या मुलुंडच्या काकांना जी पडझड जड जाते, तीच तुला स्वस्ताई आहे. बाजार एकच, तारखा वेगळ्या.

दोनच गोष्टी बघ. सहा महिन्यांचा खर्च बँकेत आहे का? नसेल तर एसआयपी तीन हजारांवर आण आणि दोन हजार तिकडे टाक, कारण नोकरी गेली तर तुलाही पडत्या भावात विकावं लागेल. दुसरं म्हणजे, ॲपवरच्या त्या रोजच्या नोटिफिकेशन्स बंद कर. तीस वर्षांच्या पैशांचा भाव दुपारी सव्वातीनला कळून काय करायचंय?

पत्र तिसरं

आदरणीय बाई, मुलगा न्यू जर्सीला आहे, वय ४१. फेब्रुवारीत नोकरी गेली. त्याचं तिथलं निवृत्तीचं खातं, ४०१(के), पडलंय म्हणतो, आणि घराच्या हप्त्यांसाठी ते सगळंच काढून टाकायचं म्हणतो. मी विलेपार्ल्यात बसून काय सांगू?

उत्तर

आई म्हणून नक्कीच काही सांगा, पण तो खातं बंद करायच्या आत सांगा.

तिथला बाजारही पडलाय. अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत दहा टक्क्यांहून जास्त खाली आला. पण त्याच्यापुढचा मोठा खड्डा बाजाराचा नाही, कराचा आहे. साडेएकोणसाठ वर्षं पूर्ण व्हायच्या आत ४०१(के) मधून पैसे काढले, की ते त्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवून कर लागतो, आणि त्यावर आणखी दहा टक्के दंड. पडत्या भावात विकायचे, कर भरायचा आणि वर दंड, असा तिहेरी मार.

नोकरी गेली म्हणून ते खातं मोडावं लागत नाही. बरेचदा जुन्या कंपनीच्याच योजनेत ठेवता येतं, किंवा 'आयआरए' नावाच्या वैयक्तिक खात्यात वळवता येतं. वळवताना पैसे थेट एका खात्यातून दुसऱ्यात जाऊ द्यावेत. चेक स्वतःच्या नावानं घेतला, तर आधी वीस टक्के कापून हातात येतो, आणि साठ दिवसांत पूर्ण रक्कम भरली नाही तर काढल्यासारखंच धरतात. त्या खात्यावर त्यानं कर्ज घेतलं असेल तर ते मात्र आजच सांगायला लावा. नोकरी सुटल्यावर त्याची मुदत आक्रसते, आणि न फेडलेलं कर्ज काढलेल्या पैशांत धरलं जातं.

तो परत यायचं म्हणत असेल, तरी ते खातं तिथे राहू शकतं. आपल्या आयकर कायद्यात त्यासाठी एक कलम आहे. अमेरिकेतल्या अशा खात्यावर दरवर्षी साठणाऱ्या वाढीवर इथे लगेच कर न लावता, तिथे काढताना लावायची मुभा त्यात आहे. त्यासाठी फॉर्म भरावा लागतो, सीएला विचारा.

हप्त्यांसाठी आधी त्याचं साधं बचत खातं, मग तुमच्याकडून काही महिन्यांची उसनवार, आणि ४०१(के) अगदी शेवटी. पार्ल्याच्या आईला हे सांगायची गरज नाही, तुम्ही पैसे केव्हाच बाजूला काढले असतील.

जाता जाता सगळ्यांनाच विनंती. पत्रासोबत स्टेटमेंट जोडताना त्यावरचा प्रान, म्हणजे एनपीएस खात्याचा क्रमांक, पॅन आणि फोन नंबर खोडून मग झेरॉक्स काढा. या महिन्यात चौघांनी खोडला नव्हता, मुलुंडकर, त्यात तुम्ही एक. मी काळ्या पेनानं खोडून झेरॉक्स फाडून टाकलीय.